गिअरबॉक्स गेलेला नाही

दादा,

गाडी घेऊन मी लातूरला चालले. चाकूरभर शोधत फिरू नकोस.

गिअरबॉक्स गेलेला नाही. काल शाळेतून येताना शिवशंकर मेकॅनिकला दाखवली. त्यानं मशीन लावून तपासली. गिअर बदलायला तेल सोडणारा एक सोलेनॉइड आत असतो, तो अडकून राहिलाय. म्हणून गाडी झटके देते आणि दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. तेवढा बदलला की झालं. तो लातूरला मिळतो, तिथंच बसवून घेते. हळूहळू जाईन.

तू मात्र गिअरबॉक्स गेला म्हणत मला न विचारता गाडीला गिऱ्हाईक ठरवून मोकळा झालास! वर वहिनीला म्हणालास, "अयोध्याला जायला एसटी हाय की." अरे, ह्या डाव्या पायानं मला एसटीची पायरी चढता आली असती, तर मी बिनक्लचची गाडी कशाला घेतली असती? लई राग आलाय मला.

ते लोक आज येतील. त्यांना चहा पाज आणि गाडी विकायची न्हाई म्हणून सांग. तुला जड जात असेल तर मला फोन लावून दे, मी सांगते.

आईला गोळ्या दिल्यात. संध्याकाळपर्यंत येते. किल्ली ह्यापुढं माझ्याजवळच राहील.

अयोध्या