दादाबद्दलचा अर्ज

४ मार्च
पोस्टात त्या माणसाने गोळीबार केला त्याला आज पाच दिवस झाले. सात जण गेले. त्यात आमच्या खालच्या मजल्यावरचे पोस्टमनही. दादाकडे बांधणीला येणारी फाटकी पुस्तकं तेच वर आणून द्यायचे आणि त्याच्या खळीच्या वासाला नावं ठेवत अर्धा तास बसायचे. दादा दोन दिवस जेवला नाही.

मारणारा मानसिक रुग्ण होता, असं पेपरात आलंय. दादाने ते वाचलं, चष्मा पुसला. "चिमणे, माझ्यासारखाच का गं?"
म्हटलं, तुझ्यासारखं कोणी नाही.
हे उत्तर झालं का?

६ मार्च
दादा जिना उतरून जाईपर्यंत समोरची शेजारीण मुलीचा हात घट्ट धरून दारातच थांबली. बावीस वर्षं हा आजार आहे. सोळा वर्षांत औषधाचा एक दिवस चुकला नाही. उलट मी माझं रक्तदाबाचं विसरले तर तोच मला झापतो. पण हे जिन्यात उभं राहून कुणाला सांगायचं?

९ मार्च
इमारतीचे सेक्रेटरी अर्ज घेऊन आले. "ताई, राग मानू नका. दादा देवमाणूस आहेत. पण लोक धास्तावलेत. त्यांना एखाद्या संस्थेत ठेवलंत तर..."
देवमाणूस — आणि संस्थेत!
"त्यांच्याकडे ती कातडं कापायची सुरी असते ना?"
"असते. तुमच्या मुलीचा शब्दकोश त्याच सुरीने बांधून दिलाय."

बिचाऱ्यांनी अर्जाची घडी घातली. त्या दिवशी पोस्टाच्या रांगेत तेही होते. अजून कुठेही बसले तरी दाराकडे तोंड करूनच बसतात. धड रागही येईना मला.
ते गेल्यावर दादा आतून म्हणाला, "तू चहात साखर कमी घातलीस. कडू बोलणारच माणूस."

१० मार्च
पोस्टमनच्या बायकोने अर्जावर सही केली नाही. "माझं माणूस वरच्या भावजींनी नेलं का?" असं विचारलं म्हणे सेक्रेटरींना. मी भेटायला गेले तर तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. लाज वाटली.

१२ मार्च
इतरांच्या भीतीवर मी फार तावातावाने बोलते. इतकं का बोलावं लागतं मला?

१५ मार्च
अर्ज पाहिला. सतरा सह्या. सतरावी दादाची, त्याच्या सुबक अक्षरात.

असं का केलंस, विचारलं. तो पुठ्ठा मापत होता, मान वर केली नाही. "त्या दिवसापासून तू झोपताना तुझ्या खोलीला आतून कडी लावतेस, चिमणे. आधी कधी लावत नव्हतीस."

कडीचं मी इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.