सात मिनिटांचा आवाज

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला जाऊन तीन आठवडे झाले, तुझी एक ओळ नाही. रागावली असशील तर खुशाल रागव, तुझा हक्कच आहे तो.

समुपदेशनाला येणाऱ्यांना मी बुद्धाच्या मानसशास्त्रातली एक गोष्ट नेहमी सांगते. समभावाला, म्हणजे मनाच्या स्थिर समतोलाला, राग जितका मारत नाही तितकी बेफिकिरी मारते, कारण ती दिसते हुबेहूब समभावासारखी. परवा एका बाईंना हे सांगताना माझी जीभच अडखळली. जानेवारीत तू फोनवर रडत होतीस. औषध थुंकलं म्हणून आईवर ओरडले, आता हात चालत नाहीत, चार दिवस तरी ये, म्हणालीस. आणि मी? रागाला नुसतं नाव दे, तो आला तसा जाईल, असं शांतपणे ऐकवलं आणि सगळ्यांना देते तेच माझ्या आवाजातलं, श्वासाच्या ध्यानाचं सात मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवून दिलं. वर आपण किती स्थिर राहिलो म्हणून स्वतःवर खूश!

ताई, ती स्थिरता नव्हती गं. आईला तसं बघायची मला भीती वाटत होती, म्हणून मी अंग काढून घेतलं. फार शरम वाटते. वाटेल ते बोल, पण बोल.

तुझी अपराधी,
धाकटी


९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले होतेच, खोटं कशाला बोलू? तुझं रेकॉर्डिंग लावलं आणि मनातल्या मनात तुला चार शिव्या हासडल्या. पण ते आईने ऐकलं. मग रोज दुपारचं औषध झालं की तेच लाव म्हणून माझ्यामागे भुणभुण. पोटची पोरगी आपल्याला अहो-जाहो करते याची तिला भारी गंमत. श्वास घ्या म्हणालीस की, घेते हो बाईसाहेब, म्हणायची. धाप लागलेली असली तरी तेवढा वेळ निवांत पडायची. तेव्हा तुझी विद्या अगदीच फुकट गेली नाही.

हे मी मुद्दाम कळवलं नाही, तुला बरं वाटू नये म्हणून. इतकी कोती झाले होते मी, माफ कर. आणखी एक आहे, ते मात्र तुला लागेल म्हणून लपवलं. पण बोल म्हणालीस, तर ऐक. रेकॉर्डिंगच्या शेवटी तू, आता हळूच डोळे उघडा, म्हणतेस ना? आई डोळे उघडायची आणि रोज आधी दाराकडे बघायची.

लोभ आहेच, तो पत्रातून मागू नकोस. घरी ये.

तुझी,
ताई