नणंदेला लागलेला पाय

कुंभवली

प्रिय मेघाली,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, नाहीतर आज तोंडात दुसरेच शब्द येतायत. फोन बंद करून दातिवऱ्याला मामाकडे जाऊन बसलीस, म्हणून ही चौथी शिकलेली म्हातारी कागद काळा करते आहे. साखरबाई मासळी विकून दुपारी तिकडे परत जाईल, तिच्या पाटीत घालून देते. वास येईल. नाक दाबून वाच, पण शेवटपर्यंत वाच.

हरल्याचा मला राग नाही. आपलं कॉलेज कबड्डीत याआधी पुष्कळदा हरलंय. मैदान आपल्या चिकूच्या वाडीला लागून, तेव्हा कुंपणाशी उभं राहून मी सगळ्या पोरी बघितल्यात. यंदा तुमच्या पकडीत जीवच नव्हता. ती उजव्या कोपऱ्यातली तर जत्रेत आई हरवल्यासारखी उभी होती. तरी सामना बरोबरीत आणलात. शेवटची चढाई, आणि चढाईला तू. मला वाटलं, झालं आपलं काम. आत गेलीस, बोनसचं नाटक केलंस, परत फिरल्यासारखं दाखवलंस आणि मागे न बघता लाथ घातलीस. अर्चनाच्या मांडीवर अशी बसली की आवाज कुंपणापर्यंत आला. आता नुसतं पळून रेषेला हात लावायचा होता. आणि तू काय केलंस? थांबलीस. वाकलीस. तिच्या पायाला हात लावून तो छातीशी नेलास, पोथीला पाय लागल्यासारखा! बाजूच्या दोघींना आणखी काय पाहिजे? घोटे धरून मातीत लोळवलं तुला. शिट्टी वाजली. संपलं.

अर्चना केदारची थोरली बहीण, उद्याची तुझी नणंद, हे मला शिकवू नकोस. साखरपुड्याचे पेढे मीच वाटलेत. पण आखलेल्या चौकोनात कसली गं नणंद? आणि चुकून हात गेला असंही सांगू नकोस. केदारची आई पुढच्या खुर्चीवर बसली होती. तू आधी तिच्याकडे बघितलंस आणि मग वाकलीस. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसरा धड आहे.

सामना सुटल्यावर आपली सगळी शहाणी माणसं दीनानाथच्या टायरच्या दुकानासमोर जमली. दरवेळी जमतात. ज्यांना जिना चढताना धाप लागते ते तुमच्या चुका काढतात. कुणी म्हणालं, आपल्या कॉलेजची जुनी विजया बघायला पाहिजे होती, गुजराती पोरींच्या संघात घुसून तिघींना एका दमात घेऊन आली होती. ते खरं आहे, मी बघितलंय. विजयाचं डोकं जाग्यावर असायचं, घाई म्हणून नाही. दीनानाथ म्हणाला, "विजयाचं सोडा, स्वाती! स्वाती असती तर आज असं झालं नसतं. कमरेला चौघी लटकल्या तरी रेष गाठायची ती. कुठं गेली काय ठाऊक." आता ऐक. स्वाती त्याच्या मागेच उभी होती. कडेवर पोर, हातात भाजीची पिशवी. शिफ्ट सुटल्यावर सामना बघायला आली होती बिचारी, अर्धाच मिळाला. मी म्हटलं, "दीनानाथ, वळून बघ की, मेल्या." त्याने बघितलं, ओळखलं नाही, आणि दुकानातल्या पोराला पंक्चरच्या गाडीसाठी जागा कर म्हणाला.

मी स्वातीला विचारलं, तू असतीस तर काय केलं असतंस? मला वाटलं होतं, हसेल, म्हणेल लाथ मारून पळाले असते. ती म्हणाली, "मीपन वाकली असती, आजी. पुढं सासू बसली असती तर मीपन." आणि पोराचं नाक पुसलं. चौघींना ओढत नेणारी पोर गं ती! मला इतका संताप आला की तिच्याशी धड बोलले पण नाही, तशीच घरी आले.

दुसऱ्या दिवशी अर्चना स्कूटी घेऊन दारात. लंगडत आली. मला वाटलं तक्रार आणली. पोरीने मांडी दाखवली, जांभळासारखी झाली होती, आणि म्हणते कशी, "एक नंबर मारली आजी तिनं. मी बाद झाली होती. पन वाकली कशाला? ट्रॉफी घेताना आमच्याच पोरी हसत होत्या. तिला सांगा, घरात माझ्या पाया पड नायतर पडू नको, पन मैदानात परत असं केलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाय." चहा न घेता गेली. आवडली मला. तिच्या आईचं मात्र तसं नाही.

त्या आईचा काल तुझ्या बापाला फोन आला. पंढरीने स्पीकरवर लावला, म्हणून मीही ऐकलं. बाई खूश! "पोरगी संस्कारी हाय हो तुमची, सगळ्या गावासमोर वाकली. आता वर्षभर कशाला थांबायचं? मार्गशीर्षात उरकू. मग ते खेळ-बिळ पुरे, सूनबाई चड्डीवर धावत्येय, बरं दिसत नाय." मी मधेच बोलले, तुमची अर्चना धावते ती? तर म्हणाली, "ती लेक हाय, ही सून." आणि तुझा बाप, कारखान्यात साहेबाला म्हणतो तसं फोनवर "हो, हो" म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, साखरबाईच्या मासळीला ऐकवेल असं ते नाही.

तर हे सगळं का लिहिलं ते सांगते. गुरुवारी ती माणसं तारीख काढायला येणार. कॉलेजचं शेवटचं वर्ष तुझं अजून बाकी आहे, ते खेळायचं आहे की नाही, हे मला माहीत नाही. तू कधी बोललीच नाहीस. मुलगा चांगला आहे, लग्न मोडायला मी सांगत नाही. पण वर्षभर थांबा, मी खेळणार आहे, हे त्या बाईच्या तोंडावर तुलाच म्हणावं लागेल. मी म्हटलं तर म्हातारी खवचट आहे म्हणून सोडून देतील. खेळायचं नसेल तर तेही येऊन सांग, म्हणजे मी कुंपणाशी उभी राहायची बंद होईन. मामाकडे तोंड लपवून बसलीस तर ते तुझा होकार धरतील, बापही धरेल, आणि त्या दिवशी मी कुणालाच अडवणार नाही. सकाळची एसटी चुकवू नकोस.

तुझीच, अजून रागातच असलेली,
आजी रखमा