मुदत संपलेला पत्ता

३ तारीख, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क खिडकीजवळची खुर्ची! कंपनी वेबसाइटची नावं विकते. मुदत संपूनही ज्यांनी पुन्हा पैसे भरले नाहीत, त्यांची नावं माझ्याकडे येतात. त्या जागी जाहिरातींचं पान टाकायचं, जुन्या सवयीनं किती माणसं येतात ते आठवडाभर मोजायचं, मग लिलाव. विभागप्रमुखांना सगळे काका म्हणतात. ते म्हणाले, दुकान बंद झालं तरी गिऱ्हाइकाचे पाय तिकडेच वळतात, आपण त्या पायांचा भाव करतो. आईला फोनवर सांगितलं, तर तिला वाटलं मी हातोडा आपटून बोली पुकारते.

६ तारीख, गुरुवार
या नावांवर येणारी मेलही आमच्याच पेटीत पडते. वाचायची नाही, फक्त मोजायची, असं काकांनी बजावलंय. आज एक वाचली. नाव एका महिला आधारगृहाचं. चालवणाऱ्या बाई वारल्या, संस्था बंद पडली, नाव सुटलं. लिहिणारीला यातलं काहीच ठाऊक नाही. तिनं लिहिलंय, ताई, नवरा दोन ते चार बाहेर असतो, कधी निघू?
आधारगृहाचं पान उघडल्यावर तिला काय दिसलं असेल? मीच टाकलेल्या जाहिराती. दागिने आणि लग्नाचे हॉल.

७ तारीख
काका म्हणाले, आपण पोस्टमनही नाही आणि पोलीसही नाही. पोलिसांना फोन केला. त्यांनी बाईचं नाव-पत्ता मागितला. माझ्याकडे कुठून असणार?
शेवटी त्याच पेटीतून उत्तर दिलं. संस्था बंद झालीय हे लिहायला हात धजेना. माझ्याच खोलीचा पत्ता दिला, लॉन्ड्रीच्या वर, दुसरा मजला. गुरुवारी तीनला ये म्हटलं.

१० तारीख
तिचं उत्तर आलं. भीती वाटते ताई, पण येते.
त्या नावाचा आठवडा आज संपला. दिवसाला जेमतेम चार माणसं येतात, तरी एकजण बोली सोडायला तयार नाही. काका खूश.

११ तारीख
नाव विकलं गेलं. यापुढे तिथली मेल नव्या मालकाला जाणार. त्याचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. नाव कशासाठी हवं, या रकान्यात त्यानं लिहिलंय: बायकोचा पत्रव्यवहार.
विक्री थांबवा म्हणून काकांच्या फक्त पाया पडायचं बाकी ठेवलं. ते म्हणाले, व्यवहार झाला, पोरी.
माझ्या स्वतःच्या मेलवरून तिला लिहिलं. तिकडे लिहू नकोस. थांबू नकोस, आत्ताच नीघ.

१२ तारीख
उत्तर आलं. दुसऱ्या मजल्यावर डावं दार की उजवं, मॅडम?
ती मला कधी मॅडम म्हणत नाही.
पोलीस म्हणाले, काही घडलं तर कळवा.

१३ तारीख
कामावर गेले नाही. निघून जावं, तर ती खरंच आली तर—
अडीच.
तीनला पाच कमी. जिन्यात पावलं. एकाच माणसाची. जड.
दाराच्या भोकातून पाहिलं. पुरुष. एकटाच. हातात बायकी कव्हरचा मोबाइल.
बेल वाजवत नाहीये. पोलिसांचा फोन नुसता वाजतोय, कोणी—
हळू आवाजात बोलतोय. म्हणतोय, ती आता काहीच सांगत नाही. तेव्हा तुम्हीच सांगा, तुमचं काय ठरलं हो—