छत्र्यांची चित्रं अडवणारे दोन पहारेकरी

पो-युआन दादास, युए-श्याचा नमस्कार. चुका पोटात घाल. शाळा सुटली तेव्हा शुद्धलेखनही तिथंच राहिलं, आणि मी एका बोटानं टाइप करते, म्हणून हे पत्र सकाळपासून चाललंय. किनमेन बेटावर वारा फार आहे का? पलटणीत पोटभर देतात ना? मावशी आज बरी आहे. परवा नव्हती.

परवा ओसाकाच्या हॉटेलवाल्या साहेबांना आपल्या कागदी छत्र्यांची रंगीत चित्रं पाचच्या आत मेलनं जायची होती. नाहीतर तीनशे छत्र्यांचं काम दुसऱ्याकडे, आणि बांबू तासणाऱ्या लिन आजोबांना घरी बसवायचं, हे मावशीनं त्यांच्यासमोरच सांगितलेलं. (फॅक्सवर लाल नि जांभळा दोन्ही काळे येतात, करून पाहिलं.) तीनला मी मेल सोडली. पट्टी शेवटपर्यंत गेली आणि तिथंच बसून राहिली. मग "उत्तर नाही". एकूण दहा वेळा सोडली, दरवेळी तेच. आजोबा मागं उभे, हातात कोयता. "साहेबांना फोन कर ना गं!" मावशी ओरडली. मला तर दुधवाल्याशी बोलतानाही घाम फुटतो, तुला माहितीय.

मग मला दिसलं, पडद्याच्या कोपऱ्यातली दोन छोटी चित्रं आळीपाळीनं लुकलुकतायत. पलटणीत जायच्या आधी तू नवा अँटिव्हायरस टाकलास आणि जुना काढलाच नाहीस! जाणारी मेल एक उघडून बघतो, तोवर दुसरा ओढून घेतो, आणि बिचारा मेलचा प्रोग्रॅम वाट बघून दमतो. मावशीला मात्र वेगळंच दिसलं. "कॉम्प्युटरवर खाऊचं पिवळं पाकीट कुणी ठेवलं? यंत्रावर हिरवंच लागतं, तरच ते शहाण्यासारखं चालतं! आणि तारीखही उलटलीय!" (हिरवं तू खाल्लंस. मी पाहिलं होतं.) ती स्कूटर काढून हिरवं आणायला पळाली.

नव्याची मेल-तपासणी बंद करायला गेले तर पासवर्ड मागितला. पाचदा चुकलं की तासभर कुलूप. कुत्र्याचं नाव, नाही. तुझी जन्मतारीख, नाही. बाईकचा नंबर, मावशीचं नाव, तेही नाही. चार पन्नास झाले. एकच संधी उरली. मग आठवलं, तुला डंपलिंग आवडत नाहीत, तरी तू कोपऱ्यावरच्या दुकानातून दिवसातून तीनदा आणायचास. मी तिथल्या मुलीचं नाव टाकलं. (इथं लिहीत नाही. तुमच्याकडे पत्रं उघडतात म्हणे.) उघडलं! तपासणी बंद केली, मेल सोडली, तेवढ्यात मावशी धापा टाकत आली आणि हिरवं पाकीट कॉम्प्युटरवर आपटलं. मेल गेली.

"बघितलंस? अक्कल याच्यानं येते!" मावशी म्हणाली. आजोबांनी पाकिटाला हात जोडले. मीही जोडले. खरं सांगितलं असतं तर पासवर्ड विचारला असता.

तुझी,
युए-श्या

ता.क. काम आपल्यालाच मिळालं. तीच मेल साहेबांना अकरा वेळा गेली म्हणे. त्यांनी अकरा वेळा आभार मानलेत.

ता.क. २. खरं म्हणजे पत्र यासाठी. सुट्टीवर आलास की दोनातला एक काढून टाक, आणि मावशीला सांगता येईल असा पासवर्ड ठेव. ती रोज विचारतेय.

हो, आणि डंपलिंगवाल्यांच्या पेई-रूकडून काल तिचं लग्न ठरल्याचे केक आले. तुझ्या वाटणीचा ठेवू की आजोबांना देऊ, कळव.