नारिंगी डोळ्यांच्या माश्या

२२ जानेवारी २०१८
उडाल्या! नळीत टाकल्या तर अर्ध्याअधिक माश्या तळाशी न पडता वर काचेला जाऊन चिकटल्या. आमच्या या सदोष वाणाच्या माश्यांच्या चेतापेशींत कॅल्शियमचा साठा रिकामा झाला की तो पुन्हा भरून घेणारं दारच उघडत नाही. म्हणून जन्मापासून उडता येत नाही. आम्ही त्या दाराचं जनुक फक्त चेतापेशींत परत घातलं.
माझ्या मार्गदर्शक नूतन मॅडम नाचायच्याच बाकी होत्या. "मयुरा, मुंबईची परिषद! डहाणूच्या कॉलेजातून कोण गेलंय गं आजवर?"
मला मात्र पटेना. इतकं सोपं असतं?

२७ जानेवारी
चिखल्याला घरी. बाबा मॅडमसाठी पुन्हा कच्चे चिकू काढत होते. "मागचे पिकले का? बाईंनी अढी कुठे घातली?"
"माश्यांच्या खोलीत. ती उबदार असते—"
बोलता बोलता पिकल्या चिकूंवर घोंगावणाऱ्या माश्या आठवल्या.

३० जानेवारी
उडणाऱ्या माश्या बधिर करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. आमच्या माश्यांचे डोळे नारिंगी; घातलेल्या जनुकासोबत ती खूण येते. यांचे विटकरी लाल. सगळ्यांचे! चिकूवर आलेल्या रानटी माश्या — बाटलीचा कापूस काढला की आत शिरलेल्या.

१ फेब्रुवारी
सांगितलं नाही. जेवण जात नाही.
दम्यामुळे चौथीपर्यंत बाबांनी घरीच शिकवलं. गणित चुकलं तर चालायचं. उत्तर बघून मागाहून पायऱ्या मांडल्या की पाटी पुसून टाकायचे. रागवायचे नाहीत, नुसतं पुसायचे.

१२ फेब्रुवारी
"वास येतो" असं सांगून मी चिकू ३० तारखेलाच बाहेर हलवले होते. त्यानंतर भरलेल्या बाटल्यांतून नवी पिढी निघाली. एकही उडाली नाही.

१३ फेब्रुवारी
सांगितलं. मॅडमनी दार लावून घेतलं.
"जनुकं वाढली की डोळा गडद होतो. शिकवलं नव्हतं?"
"पण नव्या बाटल्यांतली एकही—"
"एक खेप!" मग खुर्ची ओढून बसल्या. "निबंध पाठवून झालाय, मयुरा. तुझं नाव पहिलं लावलंय मी. आणि तू मला चिकूचं सांगतेस?"
"मागे घेऊ या ना, मॅडम."
"बघते मी." हसल्यासुद्धा! आज पोटभर जेवले.

२१ फेब्रुवारी
परिषदेची कार्यक्रमपत्रिका आली. निबंध आहे. लेखिका एकच — मयुरा सावे. मॅडमनी फक्त स्वतःचं नाव मागे घेतलं.