परीक्षेतून उठले त्याबद्दल

७ फेब्रुवारी

ती. आई,

नमस्कार. तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले, उत्तराला उशीर झाला. कारण नेहमीचंच, ड्यूटी. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोठ्याने ओरडायचं त्राण माझ्यात उरत नाही, म्हणून आपलं हे कागदावरचंच बरं. तुम्हीही चष्मा पुसत पुसत निवांत वाचाल.

इकडे सगळं ठीक. तुमच्या चिरंजिवांची अक्कलदाढ काढली. रोज शाळेची बस चालवणारा, बसभर पोरांचा गोंगाट सहन करणारा माणूस, पण डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्यावर माझा हात सोडेना. नंतर दोन दिवस गाल धरून गप्प होते. खरं सांगू, घर कसं शांत वाटलं. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय. प्लंबर ‘येतो, येतो’ म्हणतो. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका आणि काकू तुमची चौकशी करतात. काकूंना गप्पा मारायला कुणी नाही. माझ्याशी बोलायला येतात, पण मी बसल्या जागी पेंगते, मग बिचाऱ्या उठून जातात.

वॉर्डात सध्या सगळे म्हातारेच भरलेत. एक आजोबा मला सारखे मास्तरीणबाई म्हणतात आणि शाळा कधी सुटणार विचारतात. मी म्हणते, डॉक्टरांनी घंटा वाजवली की. माझे पाय सुजतात, पण ते जुनंच आहे.

डिग्रीच्या अभ्यासाचं विचारलंत. मास्तरांची रेकॉर्ड केलेली व्याख्यानं मी बसमध्ये ऐकते, वेळ वाचावा म्हणून दुप्पट वेगाने. त्यामुळे मास्तरांना कायम गाडी पकडायची असल्यासारखं वाटतं. एकदा ते ऑनलाइन क्लासला खरोखर समोर आले, तर इतके सावकाश बोलले की मला वाटलं यांना बरं नाही. दर आठवड्याला वर्गातल्या दोघांच्या लिखाणावर मत द्यावं लागतं. सगळे एकमेकांना ‘आपले विचार फार मोलाचे आहेत’ असं लिहितात. मीही लिहिते. वाचलेलं कुणी नसतं.

तुम्ही वर्गातल्या लोकांना ठेवलेली नावं अजून चालतात. ‘जांभई’ नियमित जांभया देते. ‘नुसतं कपाळ’ अजूनही कॅमेऱ्यात कपाळच दाखवतो. तुम्ही टॉवेल घेऊन माझ्या मागून गेलात आणि मास्तरांनी तुम्हाला नमस्कार केला, त्याची आठवण त्यांनी परवा काढली.

शेवटच्या पेपरचा निकाल लांबलाय. अशा कामांना वेळ लागतोच. कळला की कळवीन.

तोवर तुम्ही तिकडेच राहा, घाई करू नका. भावोजींचं घर मोठं आहे, जाऊबाई सगळं वेळच्या वेळी करतात. तुमच्या खोलीत अजून माझं टेबल आहे, पलंगभर पुस्तकं पसरलीत. डोळ्यांत थेंब घालायला विसरू नका.

आपली आज्ञाधारक (हसू नका),
सून

*

२ मार्च

ती. आई,

तुमची चिठ्ठी मिळाली. चारच ओळी, पण पुरेशा होत्या. ‘धाकटे, निकाल लांबलेला नाही. तू पेपर अर्ध्यात टाकून शिंप्यासाठी धावलीस, हे थोरल्याने मला सांगितलं. चांगलं काम केलंस. त्यात लपवायचं काय?’

यांनीच भावोजींना फोनवर सांगितलं असणार. हे सगळ्यांनाच सांगत फिरतात. बसच्या क्लीनरला सांगितलं, दाताच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगितलं. ‘बायकोने परीक्षेवर पाणी सोडलं, पण माणूस वाचवला.’ असं म्हणाले की यांची छाती फुगते आणि मी चहा टाकायला उठते.

लपवायचं काय, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बसून नीट वाचा आणि जाऊबाईंना दाखवू नका.

त्या दिवशी मी रात्रपाळी करून घरी आले. पेपर सकाळी होता, घरूनच कॅमेऱ्यासमोर द्यायचा. पाळी बदलून मागितली होती, पण दोघीजणी आजारी, मेट्रन म्हणाल्या, “माझ्याकडे माणसं कुठे आहेत, तूच सांग.” मी पाळी केली. आले, तोंडावर पाणी मारलं, तुमच्या खोलीत जाऊन बसले. परीक्षा सुरू व्हायच्या आधी कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवावी लागते. टेबलाखाली, कपाटात, तुमच्या पलंगाखाली. पलंगाखाली तुमच्या जुन्या चपला होत्या. स्क्रीनवरून परीक्षेवर नजर ठेवणारा माणूस म्हणाला, “त्या काय आहेत?” मी म्हटलं, “सासूबाईंच्या चपला.” तो म्हणाला, “बाहेर ठेवा.” मी बाहेर ठेवल्या.

एकदा पेपर सुरू झाला की खुर्चीतून उठायचं नाही. उठलात, कॅमेऱ्यातून दिसेनासे झालात, तर पेपर बंद. हा नियम मला ठाऊक होता.

विषय संख्याशास्त्र. तुम्हाला माहीतच आहे, माझी त्याच्याशी कधी गट्टी जमली नाही. पण आई, मी तो विषय केला होता. खरंच केला होता. शनिवार-रविवार घालवून केला होता. त्या दिवशी प्रश्न वाचायची, शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. पुन्हा वाचायची. आकडे दिसत होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. एकदा तर डुलकी लागून मान खाली गेली आणि स्क्रीनवर अक्षरं आली, ‘कृपया कॅमेऱ्याकडे चेहरा ठेवा.’ मी चेहरा ठेवला.

तेवढ्यात दारावर थापा. काकूंचा आवाज, “सिस्टर, अहो सिस्टर, लवकर या. हे बघा कसं करतायत.”

मी उठले. एका क्षणाचाही विचार केला नाही.

खाली गेले तर काका शिलाई मशीनपाशी भिंतीला टेकून बसलेले. अंग घामाने चिंब, गार, डोळे उघडे पण ओळख नाही. काकूंना विचारलं, “सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं?”

“घेतलं ना.”

“खाल्लं काय?”

काकूंनी मशीनवरच्या कपड्यांकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, “एका लग्नाचे कपडे द्यायचे होते. म्हणाले, एवढी बाही लावतो आणि खातो.”

साखर उतरली होती, दुसरं काही नाही. गिळता येतंय हे पाहिलं आणि साखरेचं पाणी थोडं थोडं पाजलं. हळूहळू नजर जागेवर आली. माझ्याकडे बघून पहिलं वाक्य काय, तर, “तुम्ही इकडे कशा? आज परीक्षा ना तुमची?” मला हसू आलं आणि रडूही. त्यांना पाव खायला लावला, पुन्हा साखर तपासली, काकूंना इंजेक्शन आणि जेवण यांचं गणित समजावलं. वर आले तर पेपर बंद झालेला.

झालं ते एवढं. लोकांना ही गोष्ट आवडते. काकांनी माझ्या युनिफॉर्मच्या उसवलेल्या शिवणी न सांगता नीट करून दिल्या. काकू भेटल्या की हात हातात घेतात. विद्यापीठालाही दया आली. डॉक्टरांचा दाखला पाठवला, तर पुढच्या सत्रात पेपर पुन्हा देता येईल म्हणाले.

आता जे कुणाला बोलले नाही ते. काकूंचा आवाज ऐकला तेव्हा मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. खाली माणसाचं काय झालंय हे माहीत नव्हतं, जीव जात असेल असंही असू शकलं असतं, आणि मी जिना उतरताना मनात म्हणत होते, चला, सुटले. आता नापास झाले तरी कुणी नापास म्हणणार नाही. काका नसते तर मी तिथेच बसून पेपर घालवला असता, आई. अर्धा कोरा ठेवला असता. काकांनी मला वाचवलं, आणि आभार मात्र माझे मानतात. म्हणून हे कौतुक करायला लागले की मी चहा टाकते.

तुम्ही म्हणाल, रात्रपाळी करून आलेल्या बाईच्या मनात काहीही येतं, ते मनावर घेऊ नये. मीही स्वतःला तेच सांगितलं. तेवढ्यावर भागलं असतं तर तुम्हाला पत्रात खरं लिहून मोकळी झाले असते. पण मी निकाल लांबलाय असं लिहिलं. ते का लिहिलं, हे शोधायला मला तुमची चिठ्ठी यावी लागली.

तुम्ही गेल्या जूनमध्ये, मला अभ्यासाला खोली मिळावी म्हणून, आपणहून बॅग भरलीत. मी नको नको म्हटलं, पण दोनदाच. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. तुम्ही हसत म्हणालात, “पास झालीस की न्यायला ये.” तुम्ही गेलात आणि पहिले चार दिवस मला घर खायला उठलं. पाचव्या दिवशी ड्यूटीवरून आले, दार उघडलं, आणि घरात माझी वाट बघणारं कुणीच नव्हतं. कुणाची गोळी द्यायची नव्हती, कुणाचे पाय बघायचे नव्हते, ‘आज उशीर का झाला’ याचं उत्तर द्यायचं नव्हतं. मी बूट न काढता जमिनीवर तशीच आडवी झाले. मला फार छान वाटलं.

दिवसभर वॉर्डात मी म्हाताऱ्या माणसांना कुशीवर वळवते, पुसते, भरवते, त्यांचं तेच तेच ऐकते. घरी आल्यावर पुन्हा तेच, फक्त तुमच्यावर माझी माया आहे एवढाच फरक. आणि मायेनेही दमायला होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही कधी त्रास दिला असता तर निदान भांडून मोकळी झाले असते. तुम्ही तर गरम पाणीसुद्धा ‘तुझं झालं की दे’ म्हणून मागता.

निकाल लांबला म्हटलं की तुमचं येणं लांबणार होतं. म्हणून लांबवला. लिहून टाकलं, आता तुम्हाला काय वाटायचं ते वाटो.

चिठ्ठी आली त्या दिवशी मी मेट्रनकडे गेले. ज्या वॉर्ड इन्चार्जच्या जागेसाठी मी डिग्रीला बसले, ती आमच्या ‘झुळुके’ला मिळाली आहे, ती चुणचुणीत मुलगी, ओपीडीतून वॉर्डात वाऱ्यासारखी पळणारी. तिने वेळेत डिग्री पूर्ण केली. वाईट वाटलं, पण आतून नाही. मी मेट्रनना म्हटलं, “मला पद नको, रात्रपाळी बंद करा.” त्या म्हणाल्या, “सगळ्याच असं म्हणायला लागल्या तर?” मी म्हटलं, “सगळ्या म्हणत नाहीयेत. मी म्हणतेय.” आणि रडायला लागले. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर रडले नव्हते, त्यामुळे त्याच घाबरल्या. स्वतः उठून पाणी दिलं. आता सहा महिने ओपीडीत, इंजेक्शनच्या खोलीत, फक्त सकाळची पाळी. शिवाय एक आठवडा रजा. रजेचे पहिले दोन दिवस मी नुसती झोपले. यांना वाटलं मी आजारी पडले, सारखा कपाळाला हात लावून बघत होते.

पेपर मी पुन्हा देणार आहे. पदासाठी नाही. पलंगावर पडून पडून जखमा होतात त्यावर माझा प्रबंध आहे, तो निम्मा झालाय, आणि तो मला आवडतो. कॉलेजच्या वाचनालयात एक कोपरा मागून घेतलाय, अभ्यास आणि परीक्षा तिथेच. तुमची खोली मोकळी केली. पुस्तकं उचलली, टेबल स्वयंपाकघरात नेलं, चपला पुसून जागेवर ठेवल्या.

तेव्हा आता या. पण आल्यावर मी गोड गोड वागेन असं समजू नका. मी चिडणार आहे. माझं काही मागणं आहे, ते आधीच सांगते. कामावरून आले की तासभर माझ्याशी काही बोलू नका, तोंड फुगवून बसले तरी विचारू नका. गोळ्यांचं तुमच्या चिरंजिवांकडे दिलंय. थेंब घालायलाही त्यांनाच शिकवलं, माझ्या डोळ्यांवर सराव केला. हात थरथरतो, पण नेम बरा आहे. गरम पाणी मात्र मीच देईन, आणि ‘तुझं झालं की’ असं म्हणायचं नाही. हवं तेव्हा सरळ मागायचं. मी नाही म्हणाले तर भांडायचं. आपण दोघींनी एकदा तरी नीट भांडायला हवं.

हे सगळं वाचून यावंसं वाटलं नाही, तर तसं चार ओळींत कळवा. तुम्हाला चार ओळी पुरतात. मी रागावणार नाही. वाईट वाटेल, ते मी बघून घेईन.

यायचं असेल तर येत्या रविवारी हे तुम्हाला आणायला येतील. मी येणार नाही. रजेचा तो शेवटचा दिवस आहे, मी झोपणार आहे. तुम्ही घरात याल तेव्हाही बहुतेक झोपलेलीच असेन. हे मला हाक मारायला जातील, त्यांना अडवा. सामान लावा, चहा करून घ्या, पाहिजे तर माझ्या शेजारी येऊन बसा. फक्त उठवू नका.

तुमची,
धाकटी